आबांची घरं, नानांची घरं

धुळ्यातल्या एका खासगी हॉस्पिटलच्या दाराशी, लिफ्ट आणि औषधांचं दुकान यांच्या मधल्या चिंचोळ्या जागेत माझं टेबल आहे. टेबलावर कॉम्प्युटर, कॅमेरा, अंगठ्याचं मशीन आणि प्रिंटर. माझ्या हुद्द्याचं नाव आरोग्यमित्र. सरकारी योजनेत बसणाऱ्या पेशंटचं कार्ड काढायचं, कागद वर पाठवायचे, मंजुरी आली की नातेवाइकांना सांगायचं आणि नाही आली तरी मीच सांगायचं. मंजुरी आली तर श्रेय पुढाऱ्याला, नाही आली तर शिव्या मला, अशी आमच्या कामाची वाटणी आहे.

कार्डावर पुढाऱ्याचा फोटो असतो. त्या फोटोनं मला जितकं छळलंय तितकं सर्व्हरनंसुद्धा छळलेलं नाही. एक म्हातारे गृहस्थ कार्ड हातात पडलं की आधी कपाळाला लावतात. दुसऱ्या एकानं फोटोवर चिकटपट्टी लावून कार्ड आणलं आणि विचारलं, असं चालेल का. मी म्हटलं चालेल, फक्त नंबर झाकू नका. एकदा एक रिटायर मास्तर रांगेतल्या सगळ्यांना समजावत होते की ही योजना मुळात आमच्या सरकारची, यांनी नुसतं नाव बदललं. त्यांच्या मागचा ट्रॅक्टरवाला म्हणाला, मग तुमच्या वेळी हे टेबल कुठं होतं? दोघांच्याही बायका आत ॲडमिट, दोघींचं ऑपरेशन याच योजनेतून व्हायचं, आणि हे दोघे माझ्या टेबलावर हात आपटत होते. मी म्हटलं, भांडण दाराबाहेर, अंगठा इथं.

मी स्वतः कोणत्या बाजूची, असं पुष्कळ जण विचारतात. मी हसून पुढचा कागद मागते. माहेरी मात्र कुणी विचारायच्या फंदात पडत नसे, कारण मी आबांची मुलगी.

माझं माहेर साक्री तालुक्यात, पिंपळनेरच्या अलीकडे. आबांची शेती आहे, कांदा आणि बाजरी पिकते, पण गावात त्यांची खरी ओळख जुन्या पक्षाचा बूथवरचा माणूस अशी. मतदानाच्या दिवशी शाळेपासून ठरलेल्या अंतरावर दोन टेबलं लागतात. एकावर मतदारयादी घेऊन आबा बसतात, दुसऱ्यावर नाना. नाना म्हणजे आबांचे शाळेपासूनचे सोबती, आमच्या शेताला लागून त्यांचं शेत. पक्ष समोरचा. मला कळायला लागल्यापासून ही दोन टेबलं मी पाहत आलेय. पक्ष फुटले, चिन्हं बदलली, उमेदवार या टेबलावरून त्या टेबलावर गेले आणि परत आले. हे दोघे कुठं गेले नाहीत.

या दोघांचा एक नियम होता. गावातली घरं त्यांनी मनातल्या मनात वाटून घेतली होती, आणि एकाच्या घरी दुसऱ्यानं पक्षाचं काम घेऊन जायचं नाही. लग्नाला जायचं, मौतीला जायचं, चहाला तर रोज जायचं. पण खिशात पत्रकं असली की दुसऱ्याच्या घराची पायरी चढायची नाही. चढणं म्हणजे दुसऱ्याच्या शेतात आपला बैल सोडणं. कुणी त्यांना हा नियम घालून दिला नव्हता, पण दोघांनी तो आयुष्यभर पाळला. वरचे पुढारी ओरडायचे, की त्या घरांत जा, तिथली मतं फोडा. दोघे मान हलवायचे आणि जायचे नाहीत. मला लहानपणापासून त्याचा फार अभिमान वाटे. दुसऱ्या गावात निवडणूक आली की डोकी फुटत, आमच्याकडे फार तर आवाज चढे.

आरोग्याच्या या योजनेवरून मात्र त्यांचा आवाज चढला तो खाली आलाच नाही. गावच्या आरोग्य केंद्रासाठी आबांनी तरुणपणी तहसीलसमोर दिवसेंदिवस ठाण मांडलं होतं. केंद्र झालं, इमारत झाली, माझ्या धाकट्या भावाचा जन्म तिथला. आता तिथं डॉक्टरची जागा कधी भरलेली असते, कधी रिकामी, आणि तपासणीच्या खोलीला बहुतेक दिवस कुलूप. आबांचं म्हणणं, सरकारनं दवाखाने चालवायचे की लोकांच्या हातात कार्ड देऊन त्यांना खासगीवाल्यांच्या दारात नेऊन उभं करायचं? पैसा सरकारचा, खाट खासगीवाल्याची, आणि आमच्या केंद्राला कुलूप. "कार्ड म्हनजे दवाखाना नही," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. त्यावर नानांचंही ठरलेलं. "दार त उघडस ना पन?"

खरं सांगू? दोघांचंही खरं होतं, आणि ते माझ्याइतकं कुणाला माहीत नव्हतं. ज्यांच्या घराण्यात कुणी कधी मोठ्या हॉस्पिटलच्या काचेच्या दारातून आत आलं नव्हतं, अशी माणसं माझ्या टेबलापाशी येऊन बरी होऊन घरी गेलेली मी पाहिली आहेत. आणि हा आजार यादीत बसत नाही, खाट रिकामी नाही, अमुक रिपोर्ट परत पाठवा, असं म्हणून माघारी गेलेलीही पाहिली आहेत. दोघांनी मला मध्ये बसवून विचारलं असतं तर मी दोघांचीही खोड मोडली असती. पण माहेरी गेलं की तो विषय नको, असं मी ठरवून टाकलं होतं. सहा दिवस टेबलावर तेच ऐकायचं आणि सातव्या दिवशी आईच्या हातचं खातानाही तेच? मी भाकरी मोडायची, ठेच्याची तारीफ करायची आणि मुलांच्या शाळेचं बोलायची. ते मी शांततेसाठी करते असं मला वाटायचं. आळस होता तो.

दोन वर्षांपूर्वी गावात कार्डांचं शिबिर झालं. शाळेच्या व्हरांड्यात मशीन घेऊन दोन मुलं बसली, वर फोटोचा मोठा बॅनर. बॅनर लावला नानांच्या पक्षानं, आणि घरोघर जाऊन लोकांना आणायचं काम आलं नानांवर. नानांनी काय केलं असेल? खिशातून मतदारयादी काढली आणि नेहमीसारखे आपल्या घरांना गेले. एकेका म्हातारीला हाताला धरून आणलं, रेशनकार्ड सापडत नव्हतं त्याचं डबे उपसून शोधून दिलं. आबांच्या घरांची पायरी ते चढले नाहीत. बॅनरवर पक्षाचा रंग होता, म्हणजे काम पक्षाचं, आणि पक्षाचं काम घेऊन तिकडं जायचं नाही. नियम म्हणजे नियम.

आणि आबांनी आपल्या घरांना पाठवलं नाही. शिबिर आठवडाभर चाललं आणि उठलं. गावातली अर्धी घरं कार्डासकट, अर्धी कार्डाविना. हे भांडून झालं असतं तर कुणाच्या तरी लक्षात आलं असतं. हे झालं एकमेकांची अदब राखून, त्यामुळे कुणाला त्यात काही वावगं दिसलंच नाही. मला आईनं फोनवर सांगितलं तेव्हा मी हसलेसुद्धा. म्हटलं, या दोघांचं आता कार्डातही वाटप सुरू झालं का.

आबांच्या घरांपैकी एक घर टेलरचाचांचं. बसस्टँडजवळ त्यांचं मशीन. दोन्ही पक्षांच्या टोप्या, उपरणी, झेंडे तेच शिवायचे. निवडणुकीच्या हंगामात मशीनच्या डाव्या हाताला एक रंग आणि उजव्या हाताला दुसरा, आणि मध्ये चाचा. माझ्या शाळेच्या पहिल्या गणवेशापासून लग्नातल्या ब्लाउजपर्यंत सगळं त्यांच्या हातचं. माप घेताना टेप गळ्यात आणि तोंडात कुणाची तरी टिंगल. त्या शिबिरानंतरच्या उन्हाळ्यात ते वारले. छातीत दुखायला लागलं, गॅस म्हणून दोन दिवस काढले, मग पिंपळनेरच्या डॉक्टरांनी धुळ्याला न्या म्हणून चिठ्ठी दिली. ते धुळ्याला आलेच नाहीत. तिसऱ्या दिवशी सकाळी, चहा घेऊन झाल्यावर, घरातच गेले. मी भेटायला गेले, चाचीपाशी बसून रडले आणि परत येऊन माझ्या टेबलावर बसले.

गेल्या वर्षी, कांदा काढणीच्या दिवसांत, आबांना शेतात दरदरून घाम फुटला. नशिबानं आई तिथंच होती आणि जीप लवकर मिळाली. दुपारपर्यंत ते आमच्या हॉस्पिटलमध्ये होते. तपासणीत तीन ठिकाणी अडथळे निघाले. डॉक्टर मला केबिनमध्ये बोलावून म्हणाले, बायपास लागेल, दोन-तीन दिवसांच्या आत, आणि आता त्यांना इकडे तिकडे हलवू नका. माझा भाऊ जळगावहून निघाला होता, तिथं तो एका डाळमिलमध्ये असतो. मी मनाशी म्हटलं, चला, निदान हे काम तरी माझ्या हातातलं आहे. आधार घेतलं, रेशनकार्ड घेतलं आणि कॅमेरा घेऊन वॉर्डात गेले.

आबांनी तोंड फिरवलं. कार्ड नको म्हणाले.

मी आधी गोड बोलले. मग नियम सांगितले. मग आईला पुढं केलं. ते म्हणाले, मला सरकारी दवाखान्यात न्या, तिथं जे होईल ते होईल. मी म्हटलं, हलवायचं नाही असं डॉक्टरांनी सांगितलंय. मग राहू द्या, म्हणाले. भाऊ आला, तो म्हणाला शेत विकून रोख भरतो, तर आबा त्याच्यावर खेकसले की शेताला हात लावायचा नाही. म्हणजे कार्डही नाही, रोखही नाही आणि हलवायचंही नाही. मग उरलं काय? मग माझाच तोल गेला. अख्ख्या वॉर्डासमोर मी आबांना सुनावलं. म्हटलं, तुमच्या पक्षाला तुम्ही जिवंत हवे असाल तर तो रागावणार नाही. त्या फोटोवर मी स्वतः पट्टी लावून देते, मग तर झालं? शेजारच्या खाटेवरचा माणूस हसला. आबा हसले नाहीत. त्यांनी डोळे मिटून घेतले, आणि मिटलेल्या डोळ्यांतून पाणी आलं. आबांना रडताना मी त्याआधी पाहिलं नव्हतं. मला स्वतःचीच भयंकर लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीनं नाना आले. सरळ माझ्या टेबलाशी. टोपी काढून हातात धरली होती. वॉर्डात जाण्याआधी मला काही सांगायचं आहे म्हणाले. मी त्यांना स्टुलावर बसवलं आणि त्यांनी जे सांगितलं त्यानं माझ्या हातातलं काम थांबलं.

चाचीनं नानांना सांगितलं होतं, की शिबिराच्या दिवसांत टेलरचाचा आबांकडे गेले होते. विचारलं होतं, की आबा, करून घेऊ का कार्ड? आबा म्हणाले होते, थांब. ही निवडणूक होऊ दे, आपलं सरकार आलं की फोटोबिटोशिवाय मिळेल, दवाखानाच सुधारेल. आत्ता गेलास तर उद्या ते छाती बडवून सांगतील की ही घरं आमची झाली. चाचा म्हणाले बरं, आणि थांबले. पिंपळनेरच्या डॉक्टरांनी चिठ्ठी दिली तेव्हा चाचीनं धुळ्याला चला म्हणून हट्ट धरला होता. चाचा म्हणाले, शिबिर तर उठून गेलं, आपल्याकडे कार्ड नाही, तिथं दारात कोण उभं करील?

"तवयपासून आबा टेलरना घरवरथीन जात नही," नाना म्हणाले. "बस स्टँडले जावाले बी मागनी गल्ली धरस."

मग माझ्या लक्षात आलं. आबांना वाटत होतं, जे आपण दुसऱ्याला घेऊ दिलं नाही ते आपण कोणत्या तोंडानं घ्यायचं. आणि मी वॉर्डासमोर फोटोवर विनोद केले होते.

नानांनी पुढं जे विचारलं ते मात्र फक्त माझ्यासाठी होतं. शिबिर उठल्यावर कार्ड निघतं का? मी म्हटलं, नाना, निघतं. रोज निघतं, याच टेबलावर, अर्ध्या तासात. रेशनकार्डावर नाव असलं आणि ते यादीत सापडलं की झालं. अगदी पेशंट दारात आल्यावरसुद्धा निघतं. नानांनी टोपी गुडघ्यावर ठेवली. ते रागावले असते तर बरं झालं असतं. ते एवढंच म्हणाले, की हे गावात कुणालाच माहीत नव्हतं. महिन्यातून दोनदा मी गावात जात होते. जाताना बसस्टँडवर उतरायचे, चाचा मशीनवरूनच हाक मारायचे, कशी आहेस बेटी, आणि मी हात हलवून पुढं जायचे.

आम्ही दोघं वॉर्डात गेलो. नाना खाटेशी उभे राहिले आणि त्यांनी आबांचा हात धरला. मी आबांना सांगितलं, की दोष तुमचा एकट्याचा नाही, तेवढाच माझा आहे. शिबिर संपलं तरी कार्ड निघतं, हे सांगायला मला एक वाक्य पुरलं असतं आणि ते मी कधी बोलले नाही.  आबांनी विचारलं,

"म्हनजे टेलरनं बी व्हई जातं?"

मला ठाम हो म्हणता येईना आणि नाहीही म्हणता येईना. म्हटलं, यादीत नाव असेल तर झालं असतं. नसेल तर नाही. आबा म्हणाले, मग आधी चाचीचं काढ. त्यांच्या घराचं नाव यादीत आहे की नाही ते बघ. मग माझं बोलू.

डॉक्टरांनी दिलेल्या मुदतीतला एक दिवस तसाही गेला होता. मी म्हटलं आबा, हे नंतर करू. ते म्हणाले, आधी. आबांचा आवाज तसा लागला की पुढं बोलण्यात अर्थ नसतो. नाना उठले, टोपी घातली आणि लगेच परतीच्या गाडीला लागले. त्या संध्याकाळी, आयुष्यात पहिल्यांदा, ते कागदाचं काम घेऊन आबांच्या घरांच्या पायऱ्या चढले. टेलरचाचांच्या घराची सगळ्यात आधी.

दुसऱ्या दिवशी सकाळी अकराच्या सुमाराला हॉस्पिटलसमोर एक काळी-पिवळी जीप थांबली आणि तीतून आमचं निम्मं गाव उतरलं. पिशव्यांत रेशनकार्ड, हातात आधार. रखवालदार मला विचारायला आला की काही अपघात झालाय का. मी म्हटलं नाही, माहेर आलंय. नाना सगळ्यांना भिंतीशी रांगेत उभं करत होते, अगदी मतदानाला करतात तसं, आणि सगळ्यांत पुढं त्यांनी चाचीला आणलं.

चाचीनं डोक्यावरची ओढणी सारखी करून माझ्यासमोर कागद ठेवले. रेशनकार्ड घडीवर फाटलेलं, त्याला आतून चाचांच्या अस्तराच्या कापडाची पट्टी लावलेली. मी नंबर टाकला. सर्व्हर त्या दिवशी नेमका धावत होता. एरवी चहा पिऊन येईस्तोवर फिरत बसणारं ते चक्र दोनदा फिरलं आणि कुटुंबाची यादी उघडली. वर पहिलं नाव चाचांचं, ते गेल्यावरही कुणी काढलेलं नव्हतं. त्यापुढे हिरव्या अक्षरांत पात्र. आणि त्याच्यापुढं, कार्ड काढायचं बटण. खाली चाची, मग दोन्ही मुलं.

चाचीला वाचता फारसं येत नाही, पण नवऱ्याचं नाव येतं. तिनं काचेवर बोट ठेवलं. मला विचारलं, हे काय लिहिलंय? मी म्हटलं, चाची, यादीत नाव आहे. ती म्हणाली, म्हणजे निघालं असतं. मी हो म्हटलं. नाना तिच्या मागेच उभे होते. त्यांनीही वाचलं. रांगेतलं कुणीतरी मागून विचारत होतं, काय झालं, मशीन बंद पडलं का.

चाची रडली नाही. तिनं बोट काढून घेतलं, ओढणीच्या टोकानं काच पुसली, आणि म्हणाली माझं काढ. तिचा अंगठा उमटेना, आयुष्यभर काज-बटणं केलेला तो अंगठा. मग मी कॅमेऱ्यासमोर तिला बसवलं. मशीन सांगतं तसं तिनं डोळे मिटले, उघडले. कार्ड प्रिंटरमधून बाहेर आलं. ते हातात घेऊन ती म्हणाली, मला आबांकडे ने.

मी पुढं, मागं चाची, तिच्या मागं नाना. आम्ही लिफ्टनं वर निघालो. मला वाटत होतं की ही आता आबांना सांगणार आहे, आणि तिला तो हक्क आहे. चार शब्द कडक बोलली तरी मी तिला अडवणार नव्हते. मला फक्त आबांच्या छातीची भीती वाटत होती.

आबा तिला बघून उठायला लागले. तिनं हातानं त्यांना पडून राहा अशी खूण केली. आबांनी नजर खाली ठेवूनच विचारलं, चाचांचं नाव होतं का यादीत.

"नही व्हतं," चाची म्हणाली. "मी सोता देखं. त्यासनं नाव नही व्हतं. व्हनारच नही व्हतं, आबा. उगा जीवले लाई बठनात तुम्ही."

मग तिनं स्वतःचं कार्ड त्यांच्यासमोर धरलं. "मनं व्हई गयं. आते तुमनं करा."

आबांनी माझ्याकडे पाहिलं. यादी वाचणारी मी होते. मी होकाराची मान हलवली. या नोकरीत आजवर मी कुणाला चुकीची माहिती दिली असेल तर ती एवढीच. आबांनी एक मोठा श्वास सोडला, इतका मोठा की नर्सनं वळून पाहिलं, आणि उशीखालून आधारकार्ड काढून माझ्या हातात दिलं.

कार्ड निघालं. मंजुरीत वरून एकदा रिपोर्ट परत आला, तेव्हा खाली टेबलाशी नाना इतके भडकले की आता मंत्र्यालाच फोन लावतो म्हणाले, आणि मला त्यांना पाणी द्यावं लागलं. आपल्याच योजनेच्या रांगेत ते पहिल्यांदा उभे होते. संध्याकाळी मंजुरी आली. दुसऱ्या दिवशी सकाळी ऑपरेशन झालं. आबा वाचले. जीपमधून आलेल्या सगळ्यांची कार्डं मी त्याच दिवशी पुरी केली, आणि आता महिन्यातून एका रविवारी मी आमच्या ओट्यावर बसते. ज्याला काही विचारायचं असेल तो येतो, दोन्हीकडच्या घरांतला.

आबा बरे झाले तसे लगेच पूर्वीसारखे झाले. छातीवरची खूण दाखवून ते अजूनही सांगतात की कार्ड म्हणजे दवाखाना नाही, आणि आरोग्य केंद्राचं कुलूप निघेपर्यंत ते सांगत राहणार आहेत. मला ते पटतंही. फक्त त्यांच्या बोलण्यात आता एक नवा मुद्दा आलाय. चहाच्या टपरीवर चार माणसं जमली की ते नानांना गाठतात. माझं काय घेऊन बसलात, म्हणतात, टेलरचं सांगा. गरीब माणूस, पिवळं रेशनकार्ड, आणि यादीत नाव नाही. मग ही योजना कुणासाठी आणलीत तुम्ही?

सगळे नानांकडे बघतात. नानांनी ती हिरवी अक्षरं माझ्या खांद्यावरून वाचली आहेत. त्यांच्याकडे या प्रश्नाचं उत्तर आहे, आणि त्या एका उत्तरानं आबांचं तोंड कायमचं बंद होईल. गेल्या रविवारी मी तिथंच चहा घेत होते. नानांनी कप खाली ठेवला, माझ्याकडे पाहिलं नाही, आणि आबांना म्हणाले,

"हाव आबा. तठे चुकनं आमनं."